गैरसाहेब

एका संक्रांतीला आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत अशी बातमी फिरली की तिसऱ्या मजल्यावरचे साहेब काहीतरी गैर करताना सापडले आणि त्यांची आता चौकशी लागली आहे. झालं होतं एवढंच की सोसायटीत हळदीकुंकू होतं, मी चहाच्या मदतीला होते, आणि मागच्या इमारतीतल्या एक बाई वाण घेता घेता मला म्हणाल्या, "काय हो, तुमचे ते वरचे साहेब रिटायर होऊनसुद्धा रोज टाय लावून जातात कुठे?" मी म्हटलं, "आमच्याच ऑफिसात येतात. गैरकार्यकारी निदेशक निवडायच्या कमिटीवर आहेत ते." बाईंनी हातातली वाणाची डबी खाली ठेवली. "अगं बाई! गैरकार? आणि दिसायला किती सज्जन हो!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? दिल्लीत सरकारी कागद हिंदीत निघतो. नॉन-एक्झिक्युटिव्हला हिंदीत 'गैर-कार्यकारी' म्हणतात आणि संचालकाला 'निदेशक'. आपल्या मराठी कानाला मात्र 'गैर' म्हटलं की गैरव्यवहार, गैरकारभार, गैरवर्तन हीच मंडळी आठवतात. मी समजावून सांगेपर्यंत बाई फाटकाबाहेर पोचल्या होत्या. संध्याकाळी दुधाच्या बूथवर दोघीतिघींनी मला हळूच विचारलं, "पैशाचं आहे का?"

मी घाबरून वर गेले. म्हटलं, "साहेब, असं असं झालंय. उद्या सगळ्यांना सांगून टाकते खरं काय ते."

साहेब दारातच उभे होते. आत बोलवायची त्यांना सवय नव्हती. जरा विचार करून म्हणाले, "नको, राहू दे. लोक थोडे लांब राहतील. कामाला बरं."

तेव्हापासून त्यांचं नाव पडलं गैरसाहेब. आधी सोसायटीत, मग ते ऑफिसातही पोचलं. तिथल्या हिंदीवाल्या पोरांना तर ते फारच शोभून दिसलं, कारण त्यांच्या भाषेत गैर म्हणजे परका. आपल्यातला नव्हे तो. साहेब होतेच तसे.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरकारी मालकीची एक पाणी पुरवणारी कंपनी होती. नाव काय करायचंय. तिचे रोजचे व्यवहार बघणारे अधिकारी वेगळे. पण बोर्डावर चार माणसं बाहेरची असावी लागतात. त्यांनी कंपनी चालवायची नाही, पगार घ्यायचा नाही. वर्षातून थोड्या बैठकांना यायचं आणि चालवणाऱ्यांना विचारायचं, की बाबांनो, हे असं का आणि ते तसं का नाही? हे बाहेरचे लोक निवडायला तिघांची कमिटी होती. अध्यक्ष एक पंजाबी गृहस्थ, मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले. दुसऱ्या एक प्राध्यापक बाई. आणि तिसरे गैरसाहेब. त्या कमिटीच्या मुलाखतींची मांडामांड माझ्याकडे. उमेदवारांना फोन करायचे, बसवायचं, नाव पुकारायचं, आत आणायचं, आणि मुलाखत चालू असताना कोपऱ्यात बसून नोंदी घ्यायच्या.

मी काही शिकलेली नाही हो. मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन इथे आले. आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या जागेवर मला अनुकंपा म्हणून घेतलं. टायपिंग शिकले, हिंदी शिकले, इंग्रजी ऐकून ऐकून शिकले. घरात बोलायला माणूस नाही म्हणून बोलायची सवय अशी वाढली की आता लिहितानासुद्धा बोलल्यासारखंच होतं. चालवून घ्या.

तर साहेबांच्या तऱ्हा. घरी ते मला वहिनी म्हणायचे आणि ऑफिसात मॅडम. नुसती हाक बदलायची नाही, माणूस बदलायचा. आम्ही दोघं सकाळी एकाच वेळी घराबाहेर पडायचो, एकाच मेट्रोनं जायचो, पण ते माझ्यापासून पंचवीस पावलं मागे चालायचे. पहिल्यांदा मला वाटलं, गुडघे दुखत असतील. थांबले, तर तेही थांबले. मी म्हटलं, "या ना साहेब, बरोबर जाऊ." ते लांबूनच म्हणाले, "ऑफिसात आपण शेजारी नाही."

"पण हे ऑफिस कुठे आहे? हा रस्ता आहे."

"ऑफिसकडे जाणारा आहे."

आता याला काय बोलणार?

संध्याकाळी घरी जिन्यात भेटले आणि मी ऑफिसातलं काही काढलं, की तोंडावर बोट. "वहिनी, घरात ऑफिस नाही." म्हणजे ऑफिसात शेजार नाही आणि घरात ऑफिस नाही. मग बोलायचं कशाबद्दल? हवेबद्दल. दिल्लीची हवा इतकी वाईट की तिच्यावर बोलायलाही फारसं काही उरत नाही.

त्यांच्या पत्नी होत्या तोवर असं नव्हतं. त्या गोड बाई होत्या. चार घरी जायच्या, चार घरच्यांना बोलवायच्या, आणि साहेब मागे मागे पिशवी धरून. त्या गेल्या, मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, आणि साहेबांना हे कमिटीचं काम मिळालं. मला वाटतं, एकटेपणाला त्यांनी नियम लावून घेतले. नुसतं एकटं राहिलं की वाईट दिसतं. नियमानं एकटं राहिलं की माणूस तत्त्वाचा वाटतो.

दिवाळीला मी फराळाचा डबा वर पाठवला तर दुसऱ्या दिवशी डबा घासून, पुसून, रिकामा परत. आपल्याकडे शेजारणीचा डबा कुणी रिकामा पाठवतं का? काही नसलं तरी चिमूटभर साखर घालतात. मी तोंडावरच म्हटलं, "साहेब, रिकामा डबा देऊ नये."

"मुद्दाम दिला," ते म्हणाले. "साखर घातली की तुम्ही पुन्हा काही घालणार. मग ते थांबत नाही."

"थांबवायचं कशाला पण?"

"ओळख म्हणजे गळती, वहिनी."

हे त्यांचं लाडकं वाक्य. पाइपातून पाणी गळतं तशी बोर्डातून ओळख गळते, आणि शेवटच्या नळाला काही पोचत नाही, असं ते म्हणायचे. संक्रांतीचा तिळगूळही घ्यायचे नाहीत. का? तर म्हणे, तिळगूळ घेतला की गोड बोलावं लागतं. "मला कुणाला तरी नाही म्हणायचंय पुढच्या महिन्यात. ते गोड कसं म्हणू?"

मुलाखतीत त्यांचा एकच ठरलेला प्रश्न असायचा. "इस शहर में आपको कौन-कौन जानता है?" उमेदवार खूश व्हायचे. त्यांना वाटायचं, वजन दाखवायची संधी आहे. एकजण तर इतकी नावं सांगत सुटले की मला लिहायला शॉर्टहँड पुरेना. अमुक सचिव, तमुक खासदार, क्लबाचे अध्यक्ष, गुरुग्रामचे दोन बिल्डर. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतनी पहचान है. फिर सवाल किससे करेंगे?" गृहस्थ हसले. साहेब हसले नाहीत.

आणि ते पाण्याचं. मी टेबलावर नेहमीप्रमाणे पाण्याच्या सीलबंद बाटल्या मांडल्या होत्या. साहेब आले, बघितलं आणि एकेक बाटली उचलून माझ्या टेबलाखाली ठेवली. "मॅडम, आपण पाण्याच्या कंपनीचे संचालक निवडतोय. नळाचं पाणी ठेवा." ठेवलं बाई. दिवसभर कुणी हात लावला नाही. शेवटचा एक उमेदवार मात्र ग्लास भरून घटाघटा प्यायला. मला वाटलं, झालं, हाच निवडला गेला. संध्याकाळी बघते तर साहेबांनी त्याला सगळ्यांत कमी गुण दिलेले. मी विचारलं तर म्हणाले, "तहान लागली म्हणून कुणी संचालक होत नाही, मॅडम."

असा हा माणूस. पण एक खिडकी उघडी होती. रविवारी सकाळी त्यांच्याकडे एकजण यायचे. नोएडाहून. रिटायर्ड इंजिनिअर, सगळा जन्म पाण्याच्या लाइनी टाकण्यात गेलेला. माणूस उंच, आवाज त्याहून उंच. मला वहिनी म्हणायचे, मी त्यांना भावजी. तेही एकटे, म्हणजे मुलगा-सून होते घरात, पण त्याला एकटं नाही म्हणायचं असा आपला एक शिरस्ता आहे. भावजी फाटकातूनच ओरडायचे, "अहो, उतरता की चढू?" साहेब उतरायचे. मग दोघं यमुनेच्या खादरात फिरायला जायचे, तिथे नदीच्या पात्रात भाजीचे मळे आहेत. दोन तासांनी परत यायचे ते हातात पालेभाजी आणि तोंडात भांडण. कुठल्या पाइपाला किती दाब, कुठल्या वस्तीला पाणी का पोचत नाही. साहेबांचं हसू मला खाली ऐकू यायचं. आठवड्यातून तेवढंच. दोघं एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिले, पण त्या अहोमध्ये अरे होता.

आणि मग एका जाहिरातीला भावजींनी अर्ज केला. साहेबांना न सांगता.

उमेदवारांच्या यादीत त्यांचं नाव मी दोनदा वाचून बघितलं. संध्याकाळी जिन्यात साहेब दिसले. मी म्हटलं, "साहेब, ते भावजींचं—" तोंडावर बोट. "घरात ऑफिस नाही." आणि वर गेले. त्या दिवशी त्यांचं जिना चढणं जड वाटलं मला.

रविवारी भावजी आले. फाटकातून हाक मारली. साहेब बाल्कनीत आले, पण उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "मुलाखती होईपर्यंत येऊ नका."

"अहो, पण मुळा आणलाय! ताजा आहे!"

"वहिनींना द्या."

दार लावल्याचा आवाज आला. भावजी हातात मुळ्याची जुडी घेऊन माझ्या दारात उभे. मी चहा टाकला. म्हटलं, "भावजी, कशाला हा उद्योग? या वयात खुर्ची हवी का?"

भावजी एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, पण तेव्हा हळू बोलले. "वहिनी, मी शहराच्या त्या टोकाला लाइन टाकली होती. माझ्या हातानं. सगळ्यात शेवटची वस्ती. लाइन आहे, नळ आहेत, पाणी नाही. वरच्या लोकांनी वाटेतच वळवलं. मी फायली लिहिल्या, मला विचारतील त्याची उत्तरं देत राहिलो. आयुष्यभर उत्तरंच दिली हो. एकदा त्या खोलीत बसून प्रश्न विचारायचाय, जिथे तो ऐकावाच लागतो."

"मग हे साहेबांना सांगा की."

"त्यांना सांगितलं तर ते कमिटी सोडतील. त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय?"

मी मुळा चिरायला घेतला. करणार काय.

मुलाखतीचा दिवस. भावजींची पाळी जेवणानंतर होती. मी नाव पुकारायला उठणार, तेवढ्यात साहेब उभे राहिले. टाय सारखा केला. म्हणाले, "अगले उम्मीदवार मेरे दोस्त हैं. मैं बाहर बैठूँगा."

दोस्त. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं शेजारी राहून मी वहिनी होते, मॅडम होते, पण असलं काही नव्हते.

अध्यक्ष हसले. "अरे साहब, रिश्तेदार तो नहीं हैं ना? दोस्ती पर कोई रोक नहीं. आप बैठिए, बस इनको नंबर मत दीजिए." प्राध्यापक बाईंनीही मान डोलावली. साहेब बसले. बसताना चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. कसं सांगू? लहान मुलानं चारचौघांत आपल्या खेळण्याचं नाव सांगितल्यासारखं. जरा लाजलेलं, जरा अभिमानाचं.

मी भावजींना आत आणलं. आत काय झालं ते त्यांना कुठून ठाऊक असणार? मी सांगायचं नाही, तो नियमच. अध्यक्षांनी रीत म्हणून पहिला प्रश्न विचारला, "इस पैनल में आप किसी को जानते हैं?"

भावजींनी तिघांकडे बघितलं. साहेबांकडे सगळ्यांत कमी वेळ. आणि म्हणाले, "जी, एक ही शहर में मराठी लोग हैं, तो जान-पहचान हो जाती है. उससे ज़्यादा कुछ नहीं."

अध्यक्षांनी साहेबांकडे बघितलं, बाईंनी बघितलं, मीसुद्धा बघितलं. साहेब समोरच्या ग्लासाकडे बघत होते.

मग मुलाखत झाली. उत्तम झाली. भावजी बोलत होते तेव्हा त्या खोलीत पाइपातून पाणी वाहिल्यासारखं सगळं दिसत होतं. शेवटच्या वस्तीबद्दल ते बोलले तेव्हा अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. पण ते बाहेर गेल्यावर अध्यक्ष साहेबांकडे वळले. आवाजातला हसरेपणा गेला होता.

"साहब, आपने दोस्त कहा. ये कह रहे हैं कुछ नहीं. अगर इन्होंने छुपाया है तो बात गंभीर है. छुपानेवाले को हम बोर्ड पर नहीं भेज सकते. बताइए, कौन ठीक कह रहा है?"

मला वाटलं, आता सांगतील. रविवारचं, खादराचं, सगळं. ते खोटं बोलत नाहीत हे साऱ्या ऑफिसला माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर भावजी तिथेच बाद. आणि नाही सांगितलं तर—

साहेबांनी ग्लास उचलला, नळाचं पाणी दोन घोट प्यायले, ग्लास होता त्याच जागी ठेवला.

"वो ठीक कह रहे हैं," ते म्हणाले. "मैंने ही ज़्यादा समझ लिया था."

प्राध्यापक बाईंनी डोळे खाली केले. अध्यक्ष म्हणाले, "होता है, होता है," आणि गुण लिहायला लागले. भावजी पहिले आले.

त्या संध्याकाळी मेट्रोतून उतरले आणि सवयीनं चालायला लागले, तर मागची पावलं जवळ आली. साहेब माझ्या बरोबरीनं चालत होते. स्टेशनपासून सोसायटीपर्यंत एक शब्द नाही. रिक्षावाले, भाजीवाले, छोलेवाला, सगळं मागे गेलं. फाटकापाशी थांबले.

"वहिनी, जान-पहचान. मराठीत काय म्हणतात हो?"

आता हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? म्हटलं, "ओळख."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं," म्हणाले, आणि जिना चढून गेले.

नेमणुकीचा कागद निघाला तसे भावजी पेढे घेऊन आले. फाटकात तीच हाक. साहेब बाल्कनीत. "आता तुम्ही संचालक. निवडणाऱ्याच्या घरी निवडलेल्यानं चहा पिऊ नये. मुदत संपली की या."

"अहो, तीन वर्षांची मुदत आहे!"

"मग तीन वर्षांनी."

भावजींना आधी थट्टा वाटली. दुसऱ्या रविवारी राग आला. "असा काय गुन्हा केला मी? अभिनंदनसुद्धा नाही?" मग ते माझ्याकडेच यायला लागले, खालच्या घरात. व्हरांड्यात बसून मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, वर ऐकू जावं म्हणून. वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, कठड्यापर्यंत. एकदा भावजींनी रंगात येऊन बैठकीत कोण काय म्हणालं ते सुरू केलं, तर वरून गर्जना, "बोर्डाचं बाहेर बोलू नये!" भावजींनी दचकून चहा सांडला. आम्ही दोघं हसलो. वरचे हसले की नाही, ते कळलं नाही.

हळूहळू भावजींचं येणंही कमी झालं. मी रिटायर झाले. अधूनमधून फोनवर कळायचं. बोर्डात त्यांनी तो प्रश्न विचारला होता, शेवटच्या वस्तीचं पाणी वाटेत कोण वळवतं, हा. एकदा नाही, प्रत्येक बैठकीत. "वहिनी, आता बैठकीनंतर जेवण असतं ना, तिथे माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते," असं एकदा म्हणाले. पाणी आलं का? मी विचारलं. "येतं. आठवड्यातून काही दिवस. पूर्वी तेही नव्हतं." मी हे वर जाऊन साहेबांना सांगितलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "निवड बरोबर झाली."

"मग एक फोन करा ना त्यांना. तेवढंच तुम्हाला दोघांना बरं वाटेल."

"फोन केला की शाबासकी होते. गैर माणसाला शाबासकी देणारा कुणी असला की तो गैर राहत नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, तुमच्या नियमांनी माणसं मरायची."



गेल्या उन्हाळ्यात भावजी आले. वाळले होते. बसले आणि एकदम विचारलं, "वहिनी, मुलाखतीच्या दिवशी ते माझ्याबद्दल काय म्हणाले होते? त्यांनी माझ्या विरोधात गुण दिले का? खरं सांगा. तेव्हापासूनच तोडलंय त्यांनी."

मी आता ऑफिसात नव्हते. सांगून टाकलं. आधी 'दोस्त' म्हणाले ते, आणि नंतर 'मीच जास्त समजलो होतो' म्हणाले तेही.

भावजी कितीतरी वेळ हाताची बोटं मोडत बसले. मग म्हणाले, "मी मित्र म्हटलं असतं तर त्यांना उठावं लागलं असतं, असं वाटलं मला. चारचौघांत त्यांना अवघडल्यासारखं होईल. ओळख म्हणजे गळती, त्यांनीच शिकवलं ना?" थांबले. "आणि खोटं कशाला बोलू, वहिनी. खुर्चीपण हवी होती."

उठले आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. दार वाजलं, उघडलं.

"मला आत्ता कळलं," भावजींचा आवाज. "अहो, मी त्या दिवशी—"

"मुदत किती उरली?" साहेबांचा आवाज.

"अं? दिवाळीपर्यंत आहे."

"मग दिवाळीला या."

"अहो, तीन वर्षं होत आली आपण—"

"दिवाळीला या. फराळाला." आणि दार लागलं. पण हळू. आदळलं नाही.

भावजी खाली आले ते हसत होते आणि डोळे पुसत होते. "वेडा आहे हो. पार वेडा. पण फराळाला बोलावलं, ऐकलंत ना तुम्ही?"

ऐकलं होतं. त्यानंतर श्रावणात साहेब स्वतः माझ्या दाराशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "वहिनी, यंदा चकल्या कराल तेव्हा मला दोघांपुरत्या द्याल का? मला करता येत नाहीत." मी म्हटलं, "डबाभर देते." "नको," ते म्हणाले, "दोघांपुरत्या." आणि जाता जाता, "भाजणी कुठे चांगली मिळते इथे?" जसं काही ती आजच दळायची होती.

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात साहेब झोपेत गेले. कामवाली सकाळी आली, बेल वाजवत राहिली. मुलगा पुण्याहून दुपारच्या विमानानं आला.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. म्हटलं, माणसं मोजकी, तेवढीच एकीची भर. सोसायटीच्या गाडीतून उतरले तर रस्त्याच्या पलीकडे, उसाच्या रसाच्या हातगाडीपाशी भावजी उभे. पांढरा शर्ट घातलेला. मी रस्ता ओलांडून गेले.

"भावजी, इथे काय करताय? चला आत. सुरू होईल आता."

"नको, वहिनी. मुदत आहे अजून."

"अहो, काय बोलताय? आता कुठली मुदत?"

"दिवाळीपर्यंत. आत्ता आत गेलो तर त्यांनी तीन वर्षं पाळलं ते सगळं फुकट." जरा हसायचा प्रयत्न केला त्यांनी. "आत कोण कोण आलंय?"

मी सांगितलं. मुलगा. सोसायटीचे सेक्रेटरी. जुन्या ऑफिसातले दोघं.

"म्हणजे ओळखीचेच सगळे," भावजी म्हणाले.

आतून मुलानं हात केला म्हणून मी परत रस्ता ओलांडला. दारातून वळून बघितलं. उन्हानं डांबर तापलेलं, गाड्या मधून जातायत, आणि पलीकडे भावजींनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. तापल्या रस्त्यावर अनवाणी, हात जोडून उभे होते. आतलं सगळं उरकेपर्यंत.